टाचण्या निघेपर्यंत

६ जानेवारी, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे शिकवण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. अक्षर माझं पहिल्यापासून ठसठशीत. जाड काळ्या स्केचपेनने लिहिते. पानात सहा-सात ओळी बसतात. हल्ली वह्याच लहान काढतात, लबाड कुठले.

सकाळी चिरंजीव दारामागे उभा दिसला. बऱ्याच दिवसांचं साचलं होतं, बोलून घेतलं. पन्नाशी उलटली, आता तरी ताठ उभा राहा म्हटलं. बायकोने डोळे वटारले की पेपर तोंडावर धरतोस, लाज वाटत नाही का म्हटलं. एका शब्दाने उलटून बोलला नाही. मला जरा कौतुकच वाटलं. तेवढ्यात सूनबाई आली नि म्हणाली, आई, तो कोट आहे.

असेल. माझा मुलगा आणि त्याचा कोट यांत फरक करणं कोणालाही जडच जाईल.

सूनबाईला निमित्तच हवं होतं. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणते.

७ जानेवारी

डॉक्टर म्हणजे पोरगं. मिशी फुटलीय की ओठ पुसायचा राहिलाय, कळलं नाही. भिंतीवरची अक्षरं वाचा म्हणाला. म्हटलं, इंग्रजी तुझं तू वाच. सूनबाई म्हणाली, आई, ते आकडे आहेत.

म्हणे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलाय, डावा त्याच्या मागोमाग निघालाय. ऑपरेशन करू, पंधरा-वीस मिनिटांचं काम, काही दुखत नाही. ज्याच्या स्वतःच्या डोळ्यात सुरी गेलेली नाही त्याने दुखत नाही म्हणून सांगावं, ही हल्लीची विद्या.

मी भीत नाही. मला वेळ नाही, एवढंच. सूनबाईने विचारलं, कशात जातो तुमचा वेळ? आगाऊ. नकाशे काढते कुठल्याशा हापिसात. दिवसभर रेघा मारून घरी येते आणि मला सरळ करायला बघते.

ती आत औषधांचं समजून घेत होती, मी बाहेर बाकावर. शेजारून खटखट आवाज यायला लागला. लाकडावर लाकूड, पण हलकं. कानाला बरं वाटलं. वळून बघितलं तर एका बाईच्या मांडीवर टणक गोल उशी, उशीभर टाचण्या, आणि दोऱ्यांना लोंबणाऱ्या पेन्सिलीएवढ्या लाकडी काड्या. बाई दोन्ही हातांनी काड्या इकडच्या तिकडे टाकत होती. मला वाटलं, डोळ्यांचं नाव सांगून हिला डोक्यासाठी आणलंय.

विचारलंच. म्हणाली, लेस करतेय आजी, बॉबिन लेस. या काड्यांना बॉबिन म्हणतात. प्रत्येकीवर दोरा गुंडाळलेला. काड्या एकमेकींवरून ओलांडायच्या, पिळायच्या, जागोजागी टाचणी रोवायची, की जाळी होत जाते. सुई नाही, हूक नाही. नवऱ्याच्या डोळ्यांसाठी आली होती. ग्रंथालयाच्या माडीवर शिकवते, सोमवारी नि गुरुवारी.

म्हटलं, काड्या टाकायला शिकवावं लागतं? हसली. दात बरे आहेत, एवढं मला दिसलं. मोतीबिंदू म्हणे!

८ जानेवारी

घरात जाहीर केलं. नातीला एप्रिलअखेरीस बाळ व्हायचंय. बाळाच्या टोपीला माझ्या हातची बॉबिन लेस लागणार. मग सूनबाई म्हणाली, आई, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही. म्हटलं, यात सुईच नाही. तोंडात मारल्यासारखी झाली.

तिथल्या तिथे पैज लावली. बाळ यायच्या आत टोपीभोवती फिरेल एवढी लेस झाली, तर ऑपरेशनचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. नाही झाली, तर मी मुकाट त्या पोरग्याच्या टेबलावर जाऊन आडवी होईन. सूनबाई म्हणाली, कबूल. चिरंजीव म्हणाला, तुम्ही दोघी म्हणाल तसं. कोट बरा.

९ जानेवारी, गुरुवार

पहिला दिवस. ग्रंथालयाचा जिना लाकडी, पायऱ्या एकसारख्या नाहीत. सुताराची चूक, मी ठेचकाळले त्यात माझं काही नाही. वर लांब टेबल, खिडकीशी पाच-सहा बायका, प्रत्येकीच्या पुढ्यात उशी, जशी काही सगळ्यांना दुपारची झोप लागलीय.

माझ्या शेजारी एक पोस्टातून रिटायर झालेली बसते. बोलताना टेबलावर मूठ आपटते, जन्मभर शिक्के मारले म्हणून असेल. मी तिचं नाव शिक्का ठेवलं. मला ताई म्हणते. माझ्याहून चार वर्षांनी तरी मोठी असेल, चेहरा तर दहाने मोठा.

लेसबाईने समजावलं ते असं. उशीवर भोकांचं कार्ड. कार्डावर टाचण्या. चार काड्या पुढ्यात घ्यायच्या. डावीकडून एक, दोन, तीन, चार. दोन नंबरची तीनवरून ओलांडायची. झाला क्रॉस. मग दोन एकवरून, चार तीनवरून. झाला ट्विस्ट. संपलं शास्त्र.

पण एक गोष्ट मला पटली नाही. म्हणाली, नंबर काडीचा नाही, जागेचा. दोन नंबरची काडी तीनवर गेली की ती तीन झाली, मागचं विसरायचं. असं कुठे असतं? माझ्या स्वयंपाकघरात झारा झाऱ्याच्या खिळ्याला आणि पळी पळीच्या. उद्या झारा पळीच्या खिळ्यावर गेला म्हणून मी त्याने आमटी वाढू? बोलले नाही. पहिला दिवस होता.

१३ जानेवारी, सोमवार

लेसबाई शेजारी बसून हात धरून करून घेते, तेव्हा बरं होतं. ती उठली की दोरे वांड होतात. काड्या सगळ्या सारख्या, हा मूळ दोष. कोणती कोण ते कळणार कसं? बाकीच्या बायका नाक उशीला लावून बसतात. मला गरज नाही.

शिक्काची लेस बघितली. बोटभर रुंद. म्हटलं, भोकंच भोकं आहेत की. म्हणाली, ताई, भोकं असतात म्हणूनच तिला लेस म्हणतात. टेबलावर मूठ. माझ्या सगळ्या काड्या उडाल्या.

१६ जानेवारी

युक्ती सापडली. या बायका काडीच्या शेपटाला मणी ओवतात, शोभेसाठी. मी प्रत्येक काडीला वेगळी वस्तू बांधली. एकीला चिरंजीवाच्या जुन्या शर्टाचं बटण, एकीला हरवलेल्या कुलपाची किल्ली, एकीला नळाचा वायसर, एकीला नातीच्या लहानपणचा घुंगुर. आता डोळे मिटून सांगते कोणती कोण. नावंही ठेवली. किल्ली म्हणजे सासू. वायसर म्हणजे जाऊ, सगळीकडे गळायची. घुंगुर नणंद. बटण दीर, बिनकामाचा.

लेसबाईने बघितलं नि म्हणाली, आजी, छान आहे, पण नावांत अडकू नका हं, जागा बघा. अगं, जागाच तर बघतेय.

२३ जानेवारी, गुरुवार

नीट जमलं. जाऊ नणंदेवरून ओलांडली. खट. ओलांडली रे ओलांडली की लगेच दोघींना आपापल्या जागी आणून बसवलं. सासू डाव्या कडेला, तिच्या शेजारी जाऊ, मग नणंद, मग दीर. मग टाचणी. पुन्हा ओलांडा, पुन्हा जागेवर. घर असंच चालतं. एकदा का माणसं ओलांडून तिकडेच राहायला लागली की झालंच मग.

मला याचा वेग आलाय. शिक्का अजून पहिल्या वितीत आहे. तिच्या काड्या कुठच्या कुठे फिरतात, सकाळची डावीकडची दुपारी उजवीकडे. पोस्टात पत्रांचंही असंच करत असणार.

३ फेब्रुवारी, सोमवार

क्लास सोडला.

झालं असं. खिडकीशी खुर्ची होती. खुर्चीवर गादी होती. मी बसले. ती गादी नव्हती, शिक्काची उशी होती. टाचण्यांसकट. खुर्ची ही वस्तू ठेवायची जागा आहे का? सगळ्या बायका अगं बाई गं म्हणून धावल्या, मला वाटलं माझ्यासाठी. लेस सपाट झाली म्हणून धावल्या होत्या. शिक्का एक शब्द बोलली नाही. नुसती वाकलेल्या टाचण्या एकेक करून उपटत बसली. बोलली असती तर परवडलं असतं.

लेसबाई म्हणाली, आजी, चष्म्याचा नंबर बघून घ्या ना एकदा. म्हटलं, तू आधी खुर्च्यांचं बघ.

यापुढे घरीच करणार. शिकून झालंय. बसायला अजून त्रास होतो, पण तो वेगळा विषय.

५ फेब्रुवारी

खिडकीजवळच्या कोपऱ्यात माझी उशी मांडली. भोकांचं कार्डही स्वतःच पाडलं, लेसबाईच्या कार्डावरची टिंबं फार बारीक छापली होती. माझी भोकं माझ्या अंदाजाने. नवीन डिझाईन आपोआप झालं. वरून टॉवेल झाकून ठेवते. डिझाईन चोरायला वेळ लागत नाही.

पहाटे उठायचा निश्चय.

६ फेब्रुवारी

पहाटे उठायचा निश्चय उद्यापासून. दोऱ्यांना पहाटेचा दमटपणा सोसत नाही.

१४ फेब्रुवारी

नात आली. चालताना आता बदकासारखी डुलते. टॉवेल उचलून दाखवलं. म्हणाली, आजी, फारच छान गं. काय आवडलं विचारलं तर म्हणाली, टाचण्या किती आहेत! हिला मी वाढवलं, तिने तरी खोटं बोलू नये, पण गोड बोलते. बाळ माझ्या मांडीवर आधी देईन म्हणाली. कोणाच्याही आधी. म्हटलं, द्यायलाच लागेल, टोपी माझी आहे.

सूनबाई मागे उभी होती. वाकून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, आई, दोरे समांतर दिसतात.

नकाशे काढणाऱ्या बाईकडून ही केवढी मोठी पावती. तोंडातून कसंबसं निघालं तिच्या. मत्सर म्हणतात तो हा.

२ मार्च, रविवार

वीतभर झालं. दोऱ्याने बोट कापलं. दोरा हलक्या प्रतीचा.

चिरंजीवाला म्हटलं, खिडकीपाशी मोठा दिवा लाव, या बल्बमध्ये दम नाही. लावला. तरी तेच. वायरिंग जुनं आहे.

सूनबाईच्या हापिसातली एकजण आली होती. तिच्या सासूचं डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे, आता पेपर वाचते. मी विचारलं, त्याआधी वाचत होती का? नव्हती. मग उगीच खर्ची घातला डोळा.

ऑपरेशनच्या वेळी माणूस जागा असतो म्हणे. येते ती सुरी दिसते का, असं विचारणार होते. विचारलं नाही. मला काय करायचंय?

११ मार्च

लेसबाई दारात. माझी कात्री क्लासमध्ये राहिली होती ती द्यायला आले म्हणाली. नजर मात्र कोपऱ्यातल्या टॉवेलवर. बघू का, म्हणाली. नाही म्हटलं. डिझाईन माझं आहे.

मग म्हणाली, निदान एक करा आजी. सुरुवातीच्या दोन बोटांतल्या टाचण्या काढून बघा. टाचण्यांनी सगळं धरून ठेवलेलं असतं, त्या निघेपर्यंत लेस झाली की नाही ते कळत नाही. म्हटलं, भाजलंय का ते बघायला मी भाकरी मधोमध मोडत नाही. गेली. जिना उतरताना उगीच मान हलवत होती.

खरं सांगायचं तर शिक्काचं कसं चाललंय ते विचारायचं होतं. राहिलं. बरंच झालं, नाही तर तिला वाटायचं मला काही वाटतं.

२९ मार्च

नातीचे दिवस भरत आले. सूनबाईने पांढरी टोपी शिवून ठेवलीय, कडेला मोकळी पट्टी सोडून. टोपी टेबलावर अशी ठेवलीय की येता-जाता मला दिसावी. आणि टोपीशेजारी डॉक्टरचं कार्ड. दबाव आणते. मला कार्ड दिसलंच नाही, चिरंजीवाने सांगितलं. फितुरालाही अक्कल लागते.

रोज सकाळ-संध्याकाळ काम. ओलांडा, जागेवर बसवा, टाचणी. मान धरते. सासूची किल्ली दोनदा तुटून पडली, पुन्हा बांधली. तिची सवय जिवंतपणीही तीच होती.

२४ एप्रिल, गुरुवार

लेस पूर्ण! सकाळी शेवटची टाचणी रोवली. दुपारी फोन आला, नातीला मुलगी झाली. आधी लेस, मग मुलगी. मी जिंकले. सूनबाईला दोनदा सांगितलं. ती कपाट उघडून रडत होती. हरल्यावर माणूस रडतंच.

मी पणजी झाले. डोळ्यांचं प्रकरण संपलं. त्या पोरग्याने आता दुसऱ्या म्हाताऱ्या शोधाव्यात.

२५ एप्रिल

दवाखान्यात गेलो. खोलीभर पांढरं. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या चादरी, माणसाला वाटावं साबणाच्या फेसात आलोय. खिडकीकडच्या बाजूला पांढऱ्यात गुंडाळलेलं ठेवलं होतं. वाकून बघितलं. म्हटलं, नाक अगदी आजेसासऱ्यांचं, बसकं, पण कपाळ माझ्यावर गेलंय. बाळ शांत आहे, आईसारखं भोकाड पसरत नाही. बोटाने गालही हलवला.

तो टॉवेल होता. घडी घातलेला.

बाळ पलीकडे नातीच्या कुशीत होतं. टॉवेल अशा आकारात घडी घालणारी आया कोण, तिला विचारायला हवं होतं. कोणी हसलं नाही. नात माझ्या तोंडाकडे न बघता पदराकडे बघत होती म्हणे, चिरंजीव सांगत होता. मी बाळाला घ्यायला हात पुढे केले तर नात म्हणाली, आजी, तू आधी बस. मग आपल्या आईकडे बघितलं. सूनबाई म्हणाली, बसूनच घ्या, आणि मी शेजारी हात लावून बसते. बाळ मांडीवर आलं. गरम होतं. मऊ. तोंड कुठल्या बाजूला आहे ते मला सांगावं लागलं.

डोक्याच्या बाजूला उजेड होता. म्हणून.

२७ एप्रिल, रविवार

नात बाळ घेऊन घरी आली. मीच म्हटलं, लेस सगळ्यांसमोर काढायची. लेसबाईला बोलावलं. शिक्कालाही बोलावलं, तिने बघायलाच हवं. आली. हातात पिशवी, तोंडावर काही नाही.

टॉवेल काढला. सगळे भोवती. चिरंजीवसुद्धा पेपर बाजूला ठेवून. सूनबाई टोपी हातात घेऊन उभी, सुई-दोरा तयार. एकेक टाचणी काढत गेले. वीस-पंचवीस निघाल्या. मग उरलेल्या भरभर काढल्या, कारण कोणी काही बोलेना. हाताने लेस उचलली.

हातात दोरे आले. नुसते दोरे. वेणी सोडल्यावर केस लोंबतात तसे. एकही दुसऱ्यात अडकलेला नाही. खालच्या टोकाला सासूची किल्ली, जावेचा वायसर, नणंदेचा घुंगुर, सगळ्या आपापल्या जागी. घुंगुर वाजला. बाळ जागं झालं.

दोरा हलक्या प्रतीचा, म्हटलं. कोणी हो म्हटलं नाही.

सूनबाई हसली असती तर मी पुन्हा कधी तिचं तोंड बघितलं नसतं. ती हसली नाही. तिने टोपी खाली ठेवली आणि सगळे दोरे गोळा करून नीट एका बाजूला धरले. शिक्का म्हणाली, ताई, दोरा वाया नाही गेला, तसाच्या तसा परत गुंडाळता येईल. वर गुंडाळायलाही बसली. मेली.

लेसबाई एक काडी हातात घेऊन काहीतरी बोलायला लागली. आजी, तुम्ही ओलांडल्यावर काड्या परत... एवढंच ऐकलं नि थांबवलं. म्हटलं, काड्यांना कशाला बोल लावतेस, माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरने लिहून दिलंय. अशा डोळ्यांनी कोणाला लेस होईल? आणि तुम्ही सगळे मला करू देत होता!

चिरंजीव म्हणाला, पण आई, तूच तर. त्याला पेपर परत दिला.

पैज हरले. मी शब्दाची पक्की आहे. सूनबाईला म्हटलं, घे तारीख.

५ मे

उद्या. भूक नाही, ती उन्हाने. सूनबाई दोनदा विचारून गेली, काही लागतंय का. लागत नाही. पेन ठेवते.

६ मे, मंगळवार

झालं. सुरी दिसली नाही. उजेड दिसला, पाण्याखालून दिसावा तसा. पोरगं मध्ये-मध्ये छान आजी, छान आजी म्हणत होतं, जसं काही मीच करतेय.

आत नेईपर्यंत सूनबाईने हात धरला होता. तिचा हात थंडगार. भित्री आहे. मी सोडला नाही. तिला धीर हवा होता.

७ मे

उजव्या डोळ्याची पट्टी काढली.

पहिलं काय दिसलं, तर डॉक्टरच्या ओठावर मिशीच आहे. विरळ. ठेवू नये.

घरी आले. छताला कोपऱ्यात जळमटं. कपबश्यांच्या कानांत चहाचे डाग. एवढे दिवस हे लोक कसे राहत होते? चिरंजीवाच्या डोक्यावर मधोमध चंद्र उगवलाय, मला कोणी सांगितलं नाही. सूनबाईचे कानाजवळचे केस पांढरे झालेत. कधी झाले? विचारलं तर म्हणाली, झाले हळूहळू. रंगव तरी, म्हटलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. मला दवाखान्यात नेणारं दुसरं कोणी नव्हतं, हे खरं, पण झोपावं माणसाने.

आरशात एक म्हातारी उभी होती. तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

ही वही उघडली. अक्षर दुकानाच्या पाटीएवढं आणि नऊ जानेवारीच्या ओळींवर तेरा जानेवारीच्या ओळी. वाचता येत नाही. स्केचपेन खराब होतं.

नात बाळ घेऊन आली. उभ्याने घेतलं. कोणी हात लावला नाही. बाळाचं नाक नीट बघितलं. कोणासारखं आहे म्हणाल तर टॉवेलसारखं आहे. तसं बोलूनही दाखवलं. नात हसता-हसता रडायला लागली. बाळंतिणीचं असंच असतं.

१२ मे, सोमवार

पुन्हा उशी मांडली. आता बघतेच. उजव्या डोळ्याने कार्डावरचं टिंबन्‌टिंब दिसतं, दोऱ्याचा पीळसुद्धा दिसतो. लेसबाईचं जुनं कार्ड घेतलं. तिने पाठवलेल्या नव्या काड्याही आल्यात, सारख्या दिसणाऱ्या, बिनमण्यांच्या. ठेवून दिल्या. माझी किल्ली, वायसर, बटण, घुंगुर मला पुरतात.

चार बोटं झाली की टोपीच्या कपाळापुरती तरी लावता येईल. मग पुढचं. लेसबाईला बोलवायचं नाही, शिक्काला तर नाहीच. एकदम पूर्ण करून दाखवायचं. डोळ्यांची अडचण होती, ती गेली. सगळं साफ दिसतंय. जाऊ नणंदेवरून गेली, खट, दोघी परत जागेवर. टाचणी. एकेक दोरा काचेसारखा.

१५ मे

सूनबाई चहा ठेवून मागे थांबली. म्हणाली, आई, पुन्हा समांतर दिसतात. म्हटलं, मला आता दिसतंय, तू सांगायची गरज नाही.

ती काडी उचलायला लागली, दाखवू का म्हणाली. हातावर चापट मारली. नकाशे काढ.

१९ मे, सोमवार. संध्याकाळी.

चार बोटं पूर्ण. कोणाला बोलावलं नाही. दार लावून टाचण्या काढल्या.

दोरे.

सगळे सरळ, स्वच्छ, एकेक वेगळा दिसतो. सासू सासूच्या जागी, जाऊ जावेच्या, नणंद नणंदेच्या. कोणी कोणात नाही. उजव्या डोळ्याने जवळून बघितलं, लांबून बघितलं. डोळ्यात काही दोष नाही. पोरग्याने काम चोख केलंय, हे मान्य करावं लागेल.

टोपी टेबलावर पडलीय, मोकळ्या पट्टीची. उद्या नात येणार.

बराच वेळ बसून विचार केला. मग दार उघडून सूनबाईला हाक मारली. म्हटलं, त्या डॉक्टरला फोन लाव आणि डाव्या डोळ्याची तारीख घे. लवकरातली लवकर. तिने विचारलं, आई, तुम्ही स्वतः म्हणताय?

म्हटलं, म्हणतेय. सगळी चूक त्या डोळ्याची आहे.